दगड आधी, झाड मागून

बोन्सायमध्ये बहुतेक गोष्टींना माघार असते. फांदी नको त्या दिशेला गेली तर तार लावून वळवता येते, नाहीतर कापून नवी वाढवता येते. पॉट आवडेनासा झाला की पुढच्या रिपॉटिंगला बदलायचा. झाडाचा फ्रंट, म्हणजे समोरून बघायची बाजू, दहा वर्षांनी बदलणारे लोकही आहेत आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. रूट-ओव्हर-रॉकमध्ये, म्हणजे मुळं दगडावरून खाली उतरवलेल्या बोन्सायमध्ये, मात्र एक निर्णय असा आहे की तो घेतला की घेतला. दगड कुठला? मुळं एकदा दगडाला धरून जाड झाली, एकमेकांत मिसळली, की दगड काढायचा म्हणजे झाडच मोडायचं.

असं असूनही या प्रकाराबद्दल बोलणं निघतं तेव्हा सगळा वेळ झाडावर जातो. कुठलं झाड, किती वर्षांचं, बुंधा केवढा, मुळं किती लांब. दगडाचा विषय शेवटी येतो आणि तो बहुधा ‘बरा दिसला म्हणून उचलला’ इतकाच असतो. मी मात्र हळूहळू उलट्या टोकाला पोचलो आहे. पेन्सिलीएवढं कोवळं रोप घेऊन त्याचं झाड घडवता येतं, त्यासाठी हाताशी वर्षं असतात. दगड जसा असतो तसाच राहणार. म्हणून दगड आधी मिळवावा, तो पुरता ओळखीचा होऊ द्यावा आणि मग त्याला झाड शोधावं, अशी माझी रीत झाली आहे. घरात दगड साठत जातात, हा त्याचा तोटा. त्यावरून ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

एक फरक आधीच सांगून टाकतो, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दगड आणि झाड एकत्र लावण्याचे दोन मुख्य प्रकार जपानी परंपरेत मानले जातात. इशिझुकीमध्ये झाड दगडावरच राहतं. दगडाच्या खळग्यात किंवा कपारीत थोडी माती, त्यातच सगळी मुळं, आणि खाली पाण्याचा उथळ ट्रे असला तरी झाडाचा संसार वरच. सेकिजोजूमध्ये, म्हणजे आपल्या रूट-ओव्हर-रॉकमध्ये, मुळं दगडावरून उतरून खालच्या पॉटमधल्या मातीत जातात आणि अन्नपाणी तिथून घेतात. पहिल्या प्रकाराला खळगे हवेत, पाणी धरून ठेवणारा दगड हवा. दुसऱ्याला वाटा हव्यात. खळगे असलेला दगड बघून ‘वा, मुळं किती छान बसतील’ असं वाटतं खरं, पण मुळांना तिथे बसायचं नसतं, खाली जायचं असतं.

मूळ खाली कसं जातं, हे थोडं समजून घेतलं तर दगड बघण्याची नजरच बदलते. १८८० मध्ये चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी मुळाच्या टोकाच्या संवेदनशीलतेवर तपशिलात लिहिलं. खाली कुठे, ओलावा कुठे, आडवं काय आलं, हे सगळं त्या इवल्याशा टोकाला कळतं. टोकावरच्या टोपीसारख्या भागात काही पेशी असतात, त्यांतले पिष्टाचे जड कण गुरुत्वाकर्षणाने तळाशी बसतात आणि ‘खाली’ कोणत्या बाजूला आहे ते मुळाला समजतं. कठीण काही लागलं की टोक वळतं, त्याच्या पृष्ठभागाला लागून पुढे सरकतं आणि वाट मिळताच पुन्हा खाली वळतं. लावणी करताना मुळं आपण हाताने दगडावर लावतो, चिकट मातीने लिंपतो, टेपने किंवा पट्ट्यांनी आवळून बांधतो आणि सगळा दगड खोल पॉटमध्ये गाडतो, हे खरं. पण त्या दिवसानंतर माती आणि दगड यांच्या मधल्या अंधारात काय होतं, ते मूळ आणि दगड मिळूनच ठरवतात.

खरी पकड तर त्याच्याही नंतर येते. मूळ जाड होतं तेव्हा आतला कॅम्बियमचा थर वर्षानुवर्षं नवं लाकूड घालत जातो. बाहेरच्या बाजूला भुसभुशीत माती असते, तिथे फुगायला जागा असते. दगडाच्या बाजूला नसते. मग मूळ त्या बाजूने चपटं होतं, दगडाच्या बारीकसारीक खड्ड्यांत शिरतं, कंगोऱ्यांवरून ओघळतं आणि काही वर्षांनी मेणबत्तीचं मेण ओघळून थिजावं तसं दिसायला लागतं. दगड खडबडीत हवा, असं जे सगळे सांगतात त्याचं कारण हे आहे. खडबडीतपणा दिसायला चांगला असतो, तो भाग वेगळा. गुळगुळीत दगडावर मूळ नुसतं पडून राहतं. पॉट हलवताना जरासा धक्का बसला, बांधलेली पट्टी लवकर कुजली, तर मूळ आणि दगड यांच्यात फट पडते. ती एकदा पडली की मूळ जाड होऊनही सहसा पूर्ण भरत नाही. बोट घालता येईल अशी ती फट मग कायमची नजरेत खुपत राहते.

नदीच्या पात्रातले गोटे म्हणूनच फसवे. हातात घेतल्यावर सोडवत नाहीत. पाण्याने शेकडो वर्षं घासून त्यांच्या अंगावरचा प्रत्येक कोपरा काढून टाकलेला असतो, आणि मुळाला नेमके तेच कोपरे हवे असतात. माझा एक ढोबळ नियम झाला आहे: जो दगड तळहातावर फिरवताना सुखाचा वाटतो, तो परत ठेवायचा. ज्याच्यावरून बोट फिरवताना नख अडकतं, त्याच्याकडे पुन्हा बघायचं. नदीतलाच दगड हवा असेल तर पात्राच्या वरच्या अंगाला, जिथे दगड फुटून नुकते खाली आलेले असतात, तिथे धारदार आणि रेघांचे दगड मिळतात. उचलण्याआधी ती जागा कुणाची, तिथून काही न्यायला परवानगी आहे का, हे बघून घ्यावं. संरक्षित जागेतला दगड कितीही सुंदर असला तरी आपला नव्हे.

आता खाचांकडे येतो, कारण माझ्या मते निम्मी निवड इथेच होते.

खाच माथ्यापासून बुडापर्यंत सलग हवी. पुस्तकी चित्रात नेहमी तशी दाखवतात, प्रत्यक्षात दगडावरची खाच मध्येच संपते. वरून सुरू झालेली सुंदर पन्हळ अर्ध्यावर येऊन एका फुगवट्याला धडकते आणि विरते. तिथे मूळ काय करणार? ते फुगवट्यावरून कसंबसं पुढे जाईल किंवा बाजूला वळेल. बाजूला वळलेलं मूळ वाईट दिसतंच असं नाही, कधीकधी तेच सगळ्यात देखणं ठरतं. पण तीन-चार मुळांपैकी तीन अशी आडवी पळाली की दगडावर बांधलेल्या गाठोड्याचा भास होतो. म्हणून मी खाचा मोजत नाही, त्यांचा शेवट बघतो. जिथून त्या दगडाच्या बुडाशी पोचतात ती ठिकाणं दोन बाजूंना, शक्य तर तीन बाजूंना असावीत. सगळ्या वाटा एकाच अंगाला उतरत असतील तर झाडाचा सगळा भार एका बाजूला जातो आणि उरलेली पाठ उघडी पडते.

खाचेची खोलीही महत्त्वाची. फार खोल, अरुंद भेग असली की मूळ आत गडप होतं. इतकी वर्षं जपलेलं मूळ दिसतच नाही. त्यात आणखी एक धोका आहे. वाढत्या मुळाच्या टोकाचा दाब शास्त्रज्ञांनी मोजलेला आहे, तो १ मेगापास्कलच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण दहापट. शिवाय जाड होणारं मूळ भेगेच्या दोन्ही भिंतींना रेटत राहतं. भक्कम दगडाला त्याचं काही वाटत नाही. आधीच तडा असलेला दगड त्या रेट्याने उकलू शकतो. उथळ, रुंद, कडा थोड्या उचललेल्या अशा खाचा उत्तम. मूळ त्यांत निम्मं बसावं आणि निम्मं वर दिसावं.

हे सगळं कोरड्या दगडावर नुसतं बघून समजत नाही, म्हणून मी दगडावर पाणी ओततो. झाड जिथे बसवायचं मनात आहे तिथे, माथ्यावर, बारीक धारेने. पाणी कुठून वळतं, कुठे थबकतं, कुठे कडेवरून सरळ ठिबकतं, ते बघत बसायचं. पाण्याची वाट आणि मुळाची वाट एकच असते असा माझा दावा नाही. पण डोळ्याला सलग वाटणारी खाच मध्ये कुठे तुटली आहे, हे पाणी लगेच दाखवतं. शिवाय ओला झाल्यावर दगड वेगळाच दिसतो. कोरडा असताना मवाळ राखाडी वाटणारा काळाभोर होतो, आत दडलेल्या पांढऱ्या शिरा उठून दिसतात. पाणी घातल्यावर झाडाखाली तो तसाच दिसणार, तर आत्ताच बघून घेतलेलं बरं.

पांढऱ्या शिरांवरून दगड कशाचा बनला आहे तो प्रश्न येतो. याकडे हौशी लोक सहसा लक्ष देत नाहीत. एकोणिसाव्या शतकात यूलियस फॉन झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने घासून चकचकीत केलेल्या संगमरवराच्या पाटीवर मुळं वाढू दिली. काही दिवसांनी पाटी धुऊन बघितली तर मुळं जिथून गेली होती त्या रेघा दगडावर कोरलेल्या होत्या. मुळं श्वसनात कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याचं पाण्यात सौम्य आम्ल होतं, शिवाय मुळं स्वतःही सेंद्रिय आम्लं बाहेर टाकतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते त्यात विरघळतं. आपल्या दृष्टीने अर्थ सरळ आहे. चुनखडीच्या जातीचा दगड मुळांखाली निष्क्रिय राहत नाही. तो झिजतो आणि झिजताना मातीचा सामू (pH) वर चढवतो. अझेलियासारख्या आम्लधर्मी माती लागणाऱ्या झाडाची पानं मग पिवळी पडतात, कारण अशा मातीत लोह असूनही मुळांना ते मिळत नाही. फायकससारखी, म्हणजे वड-पिंपळाच्या जातीची, झाडं बरंच सहन करतात.

चुनखडी ओळखायला साधं व्हिनेगर पुरतं. दगडाचा कोपरा स्वच्छ धुऊन, वाळवून त्यावर थेंब टाकायचे. बुडबुडे आले की चुना आहे. डोलोमाइट असेल तर थंड थेंबाला तो फारशी दाद देत नाही, थोडं खरवडून त्या भुकटीवर थेंब टाकावा लागतो. दुसरी परीक्षा सुरीच्या टोकाची. कठीणपणाच्या मोह्स मापावर कॅल्साइट ३ वर आहे आणि क्वार्ट्झ ७ वर. सुरीचं पोलाद साधारण या दोहोंच्या मध्ये येतं. पांढऱ्या शिरेवर सुरीने ओरखडा उठला तर ती बहुधा कॅल्साइटची, सुरीच घसरली तर क्वार्ट्झची. अ‍ॅक्वेरियमसाठी वापरला जाणारा सेइर्यू जातीचा राखाडी, सुरकुत्यांचा दगड रूट-ओव्हर-रॉकसाठी अनेकांना मोहात पाडतो, कारण खाचा अगदी मनासारख्या असतात. तो चुनखडीच्या जातीचा आहे, आणि पाण्याचा कठीणपणा वाढवतो म्हणून मासे पाळणारेही तो जपून वापरतात. मी तो फायकसखाली चालवून घेईन, अझेलियाखाली नाही. दगडावर हिरवट-निळसर डाग असतील तर मात्र तो दगड कुठल्याच झाडाखाली नको. ते तांब्याचे असू शकतात आणि तांबं मुळांची टोकं मारतं; रोपवाटिकांत मुळं पिशवीच्या कडेने गोल फिरू नयेत म्हणून कुंड्यांना आतून तांब्याच्या संयुगाचा लेप देतात तो याचमुळे.

समुद्राकाठचा दगड असेल तर त्यातलं मीठ निघायला हवं. गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं, आणि सच्छिद्र असेल तर हे काही आठवडे करायचं. सिमेंट-काँक्रीटच्या तुकड्यांबद्दल कधीकधी विचारलं जातं. आकार चांगला असला तरी त्यातून चुना झिरपत राहतो, म्हणून नको.

टिकाऊपणाबद्दल मी कडक आहे. झाड पन्नास वर्षं जगू शकतं, आणि मधल्या काळात खालचा दगड भुगा झाला तर मुळं हवेत लोंबकळतील. (काही लोकांना असा दगड जाऊन उरलेला मुळांचा पिंजरा आवडतो. तो वेगळा प्रकार आहे आणि तो मुद्दाम केलेला असावा, अपघाताने नव्हे.) रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी दगड हाताने चोळावा. पाणी गढूळ झालं, हाताला वाळू किंवा चिखल लागला तर प्रश्न मिटला. मऊ वालुकाश्म आणि पापुद्र्यांचा शेल इथेच बाद होतात. भोकाभोकांचा, दिसायला नाट्यमय असा ‘ड्रॅगन स्टोन’ही मातकट आणि ठिसूळ असतो, पट्टी आवळतानाच त्याच्या कडा हातात येतात. मग हातोडीने हळूच ठोकून आवाज ऐकायचा. आत तडा नसलेला दगड खणखणतो, तडकलेला भद्द वाजतो. कोरड्या दगडाचं वजन आणि रात्रभर भिजवल्यानंतरचं वजन यांत फार फरक आला तर तो पाणी शोषतो. उष्ण हवेत हे वरदान आहे, दगड गार राहतो. जिथे हिवाळ्यात गोठतं तिथे हाच दगड फुटतो, कारण पाणी बर्फ होताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं.

काळ्या बेसाल्टला माझा स्वतःचा कल आहे. कठीण, रासायनिकदृष्ट्या शांत, फुटतो तेव्हा कडा धारदार राहतात आणि ज्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले होते त्या प्रकारात बारीक खड्डेही असतात. त्याचे दोन दोष. एक, उन्हात तापतो. कोवळी मुळं लवकर उघडी केली तर दुपारच्या तापल्या दगडावर ती वाळून जातात, म्हणून वरून शेवाळ लावून, सावकाश, माथ्याकडून खाली थोडं थोडं उघडायचं. दोन, वजन. बेसाल्टची घनता पाण्याच्या जवळपास तिप्पट असते. साधारण २० सेंटिमीटर उंच, १५ रुंद, १५ जाड असा ओबडधोबड दगड सहज सहा किलोंच्या पुढे जातो. त्यात पॉट, ओली माती आणि झाड धरा. दर काही वर्षांनी हे सगळं उचलून रिपॉट करायचं आहे, तेव्हा आपल्या पाठीला विचारून दगडाचा आकार ठरवावा. सच्छिद्र लाव्हा दगड हलका पडतो, पण त्याचं पोत सगळीकडे सारखंच असतं. मुळाला पकड मिळते, दिशा मिळत नाही. जांभाही असाच: पकड भरपूर, खाचा नावाला, आणि लाल रंग झाडापेक्षा जास्त बोलतो. जपानमध्ये गिफू प्रांतातल्या इबी नदीचा इबिगावा दगड या कामासाठी नावाजलेला आहे तो त्याच्या खडबडीत, खळग्या-कंगोऱ्यांच्या अंगामुळे.

दगड केवढा असावा, यावर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, कारण इथे चूक बहुतेक एकाच बाजूला होते. लोक लहान दगड घेतात. आज हातातलं रोप लहान, त्याला शोभेलसा दगड बघितला जातो. पण दगड तेवढाच राहणार आहे आणि मुळं वाढणार आहेत. ट्रायडंट मेपल हे या प्रकाराचं सगळ्यात आवडतं झाड आहे. त्याची मुळं झपाट्याने जाड होतात आणि शेजारशेजारची एकमेकांत मिसळून जातात. लहान दगड ते अक्षरशः गिळतं. वीस-पंचवीस वर्षांनी समोर एक फुगलेला बुंधा उरतो, आत कुठेतरी दगड आहे हे फक्त लावणाऱ्याला माहीत. म्हणून दगड घेताना आजचं रोप डोळ्यासमोर ठेवू नये. ते झाड पूर्ण झाल्यावर केवढं व्हावं असं ठरवलंय, ते ठेवावं. मुळं तिप्पट-चौपट जाड झाल्यावरही दगडाचा एखादा तरी मोठा भाग, एखादा खांदा, एखादं नाक बाहेर दिसत राहील एवढा तो हवा. सुरुवातीची काही वर्षं झाड दगडापुढे केविलवाणं दिसेल. दिसू द्यावं. तसंही त्या काळात दगड मातीखाली गाडलेला असतो.

मात्र पूर्ण झालेल्या चित्रात दोघांपैकी एकजण मोठा असलाच पाहिजे. झाड आणि दिसणारा दगड सारख्याच उंचीचे झाले की नजर दोघांमध्ये हेलपाटे घालत राहते. मला झाडाची उंची दगडाच्या दुप्पट किंवा त्याहून थोडी जास्त आवडते. काहींना उलट आवडतं, प्रचंड कडा आणि त्यावर चिमुकलं झाड. त्यातही मजा आहे, पण ते इशिझुकीत जास्त खुलतं.

माथ्यावर खोगिरासारखी थोडीशी दबलेली जागा असली की झाड बसवताना बुंधा डगमगत नाही आणि मुळं दोन्ही बाजूंना पाय टाकून उतरतात. अगदी टोकदार माथ्यावर झाड बसवणं जवळपास अशक्य. सपाट माथ्यावर ते बसतं, पण मुळं आधी टेबलावरून चालल्यासारखी आडवी जातात आणि मग एकदम कडेवरून खाली पडतात. बुडाशी दगड रुंद असला की तो जमिनीतून वर आलेल्या खडकाचा वाटतो. मुळांच्या वाटेत खाली आत वळलेला, पोट सुटलेला दगड मी टाळतो. तिथे मूळ दगड सोडून हवेतून जमिनीकडे जातं आणि दगडाशी त्याचं नातं तुटल्यासारखं दिसतं. बूड डुगडुगत असेल तर त्याची फार चिंता नको, ते मातीत जाणारच आहे. दगडाचा थोडा भाग मातीत बुडवायचाच असतो. पॉटवर नुसता ठेवलेला दगड नुसता ठेवलेलाच दिसतो.

तीन फ्रंट जुळवायचे असतात आणि तिसरा लोक विसरतात. झाडाचा फ्रंट असतो, दगडाचा असतो, आणि मुळांचाही असतो: ज्या बाजूने मुळांची फाकणी आणि त्यांचा उतार सगळ्यात चांगला दिसतो ती बाजू. कोवळ्या रोपाचा फ्रंट पुढे बदलता येतो. दगडाचा नाही आणि एकदा लावल्यावर मुळांचाही नाही. म्हणून दगडाच्या ज्या तोंडावर उत्तम खाचा आहेत, तेच त्याचं देखणं तोंड आहे का, हे बघायचं. पुष्कळ दगड इथे नापास होतात. एका बाजूने सुंदर आणि दुसऱ्या बाजूने उपयोगी. थरांचे दगड असतील तर थरांची दिशाही बघावी. उभ्या रेघांच्या दगडावर मुळं त्याच रेघा पुढे नेतात, आडव्या थरांवर प्रत्येक पायरीला अडतात.

चीनमध्ये दगडांच्या सौंदर्याचे चार गुण सांगितले जातात आणि त्यांचं श्रेय सोंग राजवटीच्या काळातल्या मी फू या सुलेखनकाराला, चित्रकाराला (१०५१ ते ११०७) दिलं जातं: अंगाने सडपातळ, सुरकुतलेला, आत वाटा असलेला, आरपार भोकं असलेला. हा गृहस्थ एका देखण्या दगडाला ‘थोरले बंधू’ म्हणून नमस्कार करायचा अशी आख्यायिका आहे. त्याच्या यादीतल्या सुरकुत्या आणि वाटा आपल्या कामाच्या. सडपातळपणा बेताने. आरपार भोकं मात्र मला नकोत. भोकातून मूळ ओवण्याचा मोह आवरत नाही, सुरुवातीला ते गमतीदार दिसतंही, पण मूळ जाड होऊन भोक भरलं की त्याचा गळा आवळला जातो आणि त्या मुळावर पोसलेली फांदी कमजोर पडते.

दगड फारच सुंदर असेल तर? जपानी सुइसेकीत दगड एकटाच मांडतात, लाकडी बैठकीवर, झाडाशिवाय, आणि बघणारे त्याच्यात डोंगर किंवा बेट बघतात. तशा दगडाच्या अंगावर मुळं पसरवण्यात मला अर्थ वाटत नाही. मुळं त्याचं सौंदर्यच आधी झाकणार. आपल्याला हवा तो दगड एकटा असताना थोडा अपुरा वाटणारा असला तरी चालतो.

आणि हवा तसा दगड मिळालाच नाही तर छिन्नीने किंवा ग्राइंडरने खाच कोरायची का? या बाबतीत सोवळं पाळणारे लोक आहेत. सुइसेकीत दगडाला हात लावणं वादाचं मानलं जातं, ते समजण्यासारखं आहे. बोन्सायमध्ये मला त्यात पाप वाटत नाही. मध्येच तुटलेली खाच दोन-तीन सेंटिमीटर पुढे नेणं, गुळगुळीत पट्टा टोचून खरबरीत करणं, बूड कापून बसकं करणं, एवढं करावं. डोळ्यांवर चष्मा आणि नाकाला मास्क लावूनच, दगडाची धूळ फुप्फुसांना वाईट. फक्त ग्राइंडरची सरळ, एकसारख्या रुंदीची रेघ लांबूनही ओळखू येते, म्हणून ती मुळाखाली झाकली जाईल अशाच ठिकाणी असावी.

झाडाची जात बदलली की यातलं बरंच काही बदलतं. ट्रायडंट मेपल आणि चायनीज एल्म जवळपास कुठल्याही खडबडीत दगडाला धरतात. नांद्रुक, उंबर, पिंपळ ही सगळी फायकस कुळी तर भिंतीच्या भेगेत स्वतःहून उगवणारी. त्यांची मुळं जलद चिकटतात, एकमेकांत मिसळतात, आणि थोड्या गुळगुळीत दगडाचीही उणीव भरून काढतात. मात्र त्यांचाही दगड गिळण्याचा स्वभाव आहे. पाइन आणि ज्युनिपर संथ. त्यांच्या मुळांना मेपलसारखं ओघळता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी खाचा आधीच बऱ्यापैकी खोल हव्यात आणि दगड बराच उघडा राहणार हे धरूनच निवडावा. अझेलियाची मुळं बारीक आणि नाजूक. चुना नको, धारदार कडा नकोत, उन्हात तापणारा दगड नको.

शेवटची परीक्षा सुतळीची. लावणी हंगामाच्या सुरुवातीला करायची असेल तर ही त्याच्या बऱ्याच आधी, निवांत असताना करावी. सुतळीचे पाच-सहा तुकडे, काही जाड काही बारीक, एका टोकाला एकत्र बांधायचे, ओले करायचे आणि ती गाठ माथ्यावरच्या खोगिरात ठेवून एकेक तुकडा खाचेतून खाली न्यायचा. गाठीत एखादी काडी खोचली की बुंध्याचा कलही दिसतो. सुतळी कुठे आपोआप बसते आणि कुठे बोटाने दाबून धरावी लागते, ते लगेच कळतं. दाबून धरावी लागते तिथे मुळालाही तेवढंच आवळून बांधावं लागेल. दगड फिरवून चारी बाजूंनी बघायचं, एखादा तुकडा दुसऱ्या वाटेने नेऊन बघायचं, हे करताना कधीकधी दगडाचा ठरवलेला फ्रंटच बदलतो. काही दिवस तो तसाच येता-जाता दिसेल अशा जागी ठेवून द्यायचा. मनाला पटला की फोटो काढायचे, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, आणि दगडावर खडूने मुळांच्या वाटांच्या खुणा करून ठेवायच्या. लावणीच्या दिवशी मुळं धुऊन उघडी पडलेली असतात, वाऱ्याने भराभर सुकत असतात, हात चिखलाने भरलेले असतात. तेव्हा कुठलं मूळ कुठल्या खाचेत, यावर विचार करायला वेळ नसतो.